खाजेची गोळी

अंगावर पित्त उठते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जेवण झाले, हात धुतले, आणि घटकाभरात मानेला खाज सुटली. खाजवावे तो तेथे गांधी उठते. मग पाठीवर उठते, पोटावर उठते. माणूस कासावीस होतो. घरातली म्हातारी माणसे आमसुलाचे पाणी चोळतात. त्याने जरा गार वाटते.

या पित्ताचा आणि पोटातल्या पित्ताचा काही संबंध नाही. आंबट ढेकर येतात, छातीत जळजळते, ते पित्त निराळे. नाव एक आहे, पण रोग दोन आहेत. म्हणून दवाखान्यात गेल्यावर नुसते 'पित्त झाले' असे सांगू नये. 'अंगावर पित्त उठले' असे सांगावे. नाहीतर गोळी भलतीच मिळायची.

अंगावरच्या पित्ताला डॉक्टर एक लहानशी गोळी देतात. सरकारी दवाखान्यात तिला सीपीएम म्हणतात. दुकानात लोक ॲव्हिल मागतात. दोन्ही गोळ्या एकाच कुळातल्या आहेत. सीपीएमचे पुरे नाव क्लोरफेनिरामाईन मॅलिएट. ॲव्हिलमधल्या औषधाचे नाव फेनिरामाईन. लांब नाव पाहून भिऊ नका. तोडून वाचा. क्लोर, फेनि, रामाईन. आता जोडून वाचा. आले की नाही? डॉक्टरसुद्धा पहिल्यांदा असेच वाचायला शिकतात.

ही गोळी फार गुणाची आहे. स्वस्त आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षे जगभर वापरात आहे. पण तिच्या अंगी एक खोड आहे. ती झोप आणते. आणि झोप कुठे आली, कोणाला आली, यावर सगळे अवलंबून आहे. खाटेवर आली तर ठीक. ट्रॅक्टरवर आली तर?

आधी ही गोळी काम कशी करते ते पाहू.

आपल्या कातडीत, नाकात, घशात, आतड्यात काही पेशी असतात. पेशी म्हणजे शरीराचा अगदी बारीक कण, डोळ्यांना न दिसणारा. या पेशी राखणदारासारख्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाचा पदार्थ भरलेला असतो. परका पदार्थ अंगात शिरला की हे राखणदार हिस्टामिन बाहेर सोडतात. ती त्यांची हाळी समजा. हाळी ऐकून रक्तवाहिन्या सैल होतात. त्यांतले पाणी बाहेर झिरपते. कातडी फुगते, लाल होते, खाजते. नाक असेल तर वाहू लागते, शिंका येतात. डोळे चुरचुरतात.

काही जणांचे राखणदार फार तापट असतात. शत्रू नसला तरी हाळी देतात. गवताचा पराग, कोंबडीचे पीस, घरातली धूळ, एखादी मासळी, एखादे औषध, काहीही पुरते. यालाच ॲलर्जी म्हणतात. गाजर गवत सगळ्यांच्या ओळखीचे आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्याने नजरेस आले, आणि आता बांध नाही की रस्ता नाही जिथे ते नाही. त्याचे पराग वाऱ्यावर उडतात आणि कित्येकांना शिंकांनी हैराण करतात.

हिस्टामिन नुसते सुटून भागत नाही. ते आपल्या जागी बसावे लागते. कुलपात किल्ली बसते तसे. आपली गोळी काय करते? ती किल्ली मोडत नाही. ती आधीच जाऊन कुलपाचे भोक अडवून बसते. किल्ली आली तरी कुलूप उघडत नाही. खाज थांबते, नाक थांबते. म्हणूनच ही गोळी खाज सुरू होताच घेतली तर जास्त लागू पडते. एकदा कुलूप उघडून घर लुटले गेले, मग भोक बुजवून फायदा थोडा.

आता झोपेचे कारण. हिस्टामिन मेंदूतही असते. तेथे त्याचे काम वेगळे आहे. तेथे ते माणसाला जागे ठेवते, हुशार ठेवते. मेंदूभोवती निसर्गाने एक कुंपण घातले आहे. रक्तातली हरएक गोष्ट त्या कुंपणातून आत जात नाही. परंतु या जुन्या गोळ्या जातात. आत जाऊन त्या तेथलीही कुलपे अडवतात. जागे ठेवणारा पदार्थ निकामी झाला की डोळे मिटू लागतात. पुढे शास्त्रज्ञांनी नव्या गोळ्या काढल्या. लोराटाडीन आणि फेक्सोफेनाडीन ही त्यांची नावे. त्या कुंपणाबाहेरच राहतात, त्यामुळे झोप फारशी येत नाही. सिट्रिझिनही नव्यांपैकीच, पण ती घेऊन काहींना पेंग येतेच.

हे औषध सापडले कसे, तेही सांगण्यासारखे आहे. हिस्टामिन अंगात काय उत्पात करते ते १९१० च्या सुमारास इंग्लंडात हेन्री डेल यांनी दाखवले. त्यावर उतारा शोधायला बरीच वर्षे गेली. पॅरिस शहरात पाश्चर यांच्या नावाची मोठी संस्था आहे. कुत्रा चावल्यावरची लस ज्यांनी काढली तेच हे पाश्चर. त्या संस्थेत १९३७ साली डॅनियल बोव्हे आणि ॲन-मारी स्टॉब या दोघांनी पहिला उतारा शोधला. तो प्राण्यांवर चालला, पण माणसाला देण्याजोगा नव्हता, फार जहाल होता. माणसाला चालेल असे औषध फ्रान्सात १९४२ साली निघाले. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत बाल्टिमोर नावाचे गाव आहे. तेथल्या मोठ्या रुग्णालयात १९४७ साली एका गरोदर बाईला अंगावरच्या पित्तासाठी असलेच एक नवे औषध दिले होते. ही बाई ट्रामगाडीतून येई. तिला गाडी लागायची. काही दिवसांनी ती डॉक्टरांना म्हणाली, औषध घेतल्यापासून गाडी लागत नाही. डॉक्टर हुशार होते. त्यांनी ते बोलणे कानाआड केले नाही. पुढे जहाजातून जाणाऱ्या शिपायांना तेच औषध देऊन पाहिले, आणि गुण आला. रोग्याचे साधे बोलणे नीट ऐकले म्हणून जगाला प्रवासातल्या ओकारीचे औषध मिळाले. घाटातून एसटीने जाताना ज्यांना पिशवी हातात धरून बसावे लागते, त्यांच्या ते कामाचे आहे. गाडीत बसण्यापूर्वी अर्धा तास गोळी घ्यायची. ओकारी सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात राहतच नाही. मात्र ही गोळी प्रवाशाने घ्यावी. गाडी हाकणाऱ्याने घेऊ नये.

खाज, शिंका, वाहते नाक, किड्याच्या चाव्याची सूज, गाडी लागणे, इतक्या कामांना ही औषधे येतात. साध्या सर्दीपडशावर मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही. सर्दी तिच्या दिवसांनी जाते. नाक थोडे सुकते, इतकेच. दम्यालाही ही गोळी पुरत नाही. दम्याचा पंप बाजूला ठेवून खाजेची गोळी घेणे म्हणजे विहिरीत पडलेल्याला फेटा टाकायचा सोडून छत्री देणे होय.

आता झोपेकडे वळू, कारण खरा धोका तेथे आहे.

गोळी घेतल्यावर माणूस घोरायला लागतो असे नाही. तसे असते तर बरे होते. सगळ्यांना कळले असते. बहुधा माणूस जागाच असतो, बोलतो, चालतो. पण हात मंद होतो. नजर स्थिर राहत नाही. समोर बैल आला हे डोळ्याला दिसते, पण पाय ब्रेकवर पडायला उशीर होतो. आणि आपण मंद झालो आहोत हे त्याचे त्याला कळत नाही. 'मला काही होत नाही, मी रोज घेतो' असे म्हणणारेच या वाटेने जातात.

शेतकऱ्याने यावर थांबून विचार करावा. ट्रॅक्टर आहे. मोटारसायकल आहे. मळणी यंत्र आहे, त्यात पेंढी सारताना हात आत जायला क्षण लागत नाही. कडबा कापायचे यंत्र तसेच. मधमाशीचे पोळे उतरायला झाडावर चढणारे आहेत. रात्रीची वीज आली की मोटार सुरू करायला विहिरीच्या काठावरून अंधारात जाणारे आहेत. ही सगळी कामे जाग्या माणसाची. गोळी घेतली त्या दिवशी ही कामे दुसऱ्याला सांगावीत. रात्री घेतली तरी सकाळी डोके जड आहे का ते पाहावे. क्लोरफेनिरामाईनचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळू शकतो. पोटापाण्याचे काम सोडता येत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, 'मला गाडी चालवायची आहे, झोप न येणारी गोळी द्या.' असे सांगण्यात लाज नाही. मागितल्याशिवाय कळणार कसे?

दारू आणि ही गोळी एकत्र कधीच घेऊ नये. दारूनेही मेंदू मंद होतो, गोळीनेही होतो. एक अधिक एक मिळून दोन होत नाहीत, चार होतात. झोपेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवाव्यात.

काही जण झोप येत नाही म्हणून हीच गोळी रोज रात्री घेतात. पहिले तीन-चार दिवस झोप लागते. मग शरीर सरावते आणि गोळी लागू पडेनाशी होते. मग माणूस एकाच्या दोन करतो. झोप काही परत येत नाही. तोंड सुकते, शौचाला खडा होतो, तो तोटा मात्र चालूच राहतो.

आणखी एक प्रकार हल्ली चालतो. सायप्रोहेप्टाडीन नावाचे याच कुळातले औषध आहे. त्याने भूक लागते. पोर बारीक आहे, लग्नाची मुलगी अंगाने भरत नाही, म्हणून ते 'अंगात भरायचे औषध' म्हणून विकतात. कधी त्याबरोबर स्टेरॉईडची गोळीही देतात. चेहरा सुजतो आणि घरचे म्हणतात, बाळसे आले! ती सूज आहे, बाळसे नव्हे. भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी यांनी जे अंग भरते तेच खरे.

म्हाताऱ्या माणसांचे वेगळे आहे. या गोळ्या नुसती झोप आणत नाहीत, अंगातले ओलावे सुकवतात आणि काही स्नायू ढिले पाडतात. म्हाताऱ्या पुरुषाची लघवीच्या वाटेजवळची गाठ वाढलेली असते. त्याला आधीच धार बारीक होते. सर्दीची गोळी घेतली आणि रात्रीतून लघवी पुरती तुंबली, असे होते. पोट फुगते, जीव घाबरा होतो, आणि नळी घालावी लागते. काचबिंदू असेल तर डोळ्यातला दाब अचानक वाढू शकतो. काचबिंदू म्हणतो आहे, मोतीबिंदू नव्हे. शिवाय म्हातारे माणूस रात्री अंधारात उठते, झोक जातो, पडते, खुब्याचे हाड मोडते. कधी भ्रम होतो. आजोबा भलतेच बोलू लागतात, घरच्यांना ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, वय झाले, बाहेरची बाधा झाली. आधी पाहावे की कालपासून कोणती नवी गोळी सुरू केली.

आता लेकरांविषयी. हे वाचून झाल्यावर घरात मोठ्याने वाचून दाखवा.

पूर्वी रानात आणि गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया पोर निजून राहावे म्हणून त्याला अफूचा कण चाटवीत. ती वाईट चाल गेली. पण तिच्या जागी बाटली आली आहे. सर्दी-खोकल्याच्या गोड औषधात बहुधा हीच झोपेची औषधे असतात. पोर रडते, आईला सकाळी ऊस तोडायला जायचे असते. चमचाभर पाजले की पोर गप्प. आईला दोष देऊन उपयोग नाही. रात्रभर रडणारे मूल आणि पहाटेची खेप, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. पण धोका काय आहे ते तिला कळले पाहिजे. आशाताई आणि एक आजी यांचे बोलणे ऐका.

'आजी, बाळ असं सुस्त का गं?'

'काही न्हाई बाई. राती लई रडत हुतं. खोकल्याचं औषध पाजलं. आता निजलंय निवांत.'

'औषध कुणाचं?'

'थोरल्या नातवाचं. मागल्या साली आणलेलं. उरलं हुतं.'

'आजी, थोरला सात वर्षांचा. हे सहा महिन्यांचं. आणि किती पाजलंस?'

'एकच चमचा. ह्यो बघ.'

'हा तर वाढायचा चमचा! यात तीन चमचे मावतात. बाळाचा श्वास बघ किती हळू चाललाय. ऊठ, गाडी बोलव, दवाखान्यात जाऊ.'

औषधाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. स्वयंपाकघरातला मोठा चमचा १५ मिलिलिटरचाही असतो. म्हणून औषध घरच्या चमच्याने देऊ नये. बाटलीबरोबर माप मिळते, त्याने द्यावे. पण तान्ह्या बाळाला हे औषध मुळात द्यायचेच नाही. जास्त झाले तर बाळाचा श्वास मंद होऊन थांबू शकतो. प्रोमेथाझीन हे औषध तर दोन वर्षांखालील मुलांना याच कारणाने वर्ज्य आहे. उलटेही घडते. काही मुले औषध घेऊन झोपत नाहीत, तर जास्तच चेकाळतात, थयथयाट करतात. मग आईला वाटते औषध कमी पडले, आणि ती आणखी पाजते.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या औषध खात्याने सांगितले की क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलेफ्रीन एकत्र असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध पिऊन वीसहून जास्त मुले दगावली. कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्या बाटलीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. ते विष कारखान्यातल्या हयगयीचे, खाजेच्या औषधाचा तो दोष नव्हे. पण ज्या सर्दीला ते औषध पाजले, तिला बहुधा औषधाची गरजच नसते. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा कळवले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे देऊ नयेत. मूल अंगावर पाजावे, कोमट पाणी द्यावे, नाक साफ करावे. श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, तर औषधाची बाटली शोधीत बसू नये, दवाखाना गाठावा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही ही गोळी विचारूनच घ्यावी. आईने घेतलेले दुधातून बाळापर्यंत जाते.

काही वेळा ही गोळी पुरी पडत नाही आणि तिच्यावर विसंबले तर माणूस जातो. गांधील माशी चावली किंवा एखादे इंजेक्शन सोसले नाही, आणि नुसती खाज न येता ओठ-जीभ सुजू लागली, आवाज घोगरा झाला, दम लागला, चक्कर आली, तर ती भारी ॲलर्जी आहे. तेथे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन लागते, तेही मांडीत, आणि लवकर. ॲव्हिल खाज थांबवील, पण बंद होणारा घसा उघडणार नाही की घसरलेला रक्तदाब चढवणार नाही. माणसाला आडवे निजवावे, पाय उंच करावेत. फार दम लागला असेल तर टेकून बसू द्यावे, पण उभे करू नये. १०८ वर फोन करावा.

सापाचेही तसेच. सापाच्या विषावर सर्पविषाची लस हाच उतारा. ॲव्हिलने विष उतरत नाही. विंचवाचे काय? कोकणातला लाल विंचू हृदयावर घाव घालतो. महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने विंचवाचे रोगी वाचतात हे दाखवून दिले. खेड्यात बसून केलेले हे काम जगभर गाजले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावून घाम फुटला, हातपाय गार पडले, की खाजेच्या गोळीवर वेळ दवडू नये.

गोळ्या पोरांच्या हाताला लागू देऊ नयेत. मूठभर गोळ्या खाल्ल्या तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. असे झाले तर घरी मिठाचे पाणी पाजून ओकवू नये. रिकामे पाकीट बरोबर घेऊन थेट दवाखान्यात जावे. पाकीट पाहून डॉक्टरांना लगेच कळते.

पाकिटावरून आठवले. सर्दीची गोळी एक, खाजेची गोळी दुसरी, खोकल्याचे औषध तिसरे. नावे तीन. आत मात्र तिन्हींत क्लोरफेनिरामाईनच असू शकते. तिन्ही घेतली की एकच औषध तिप्पट पोटात जाते. म्हणून वरचे मोठे, रंगीत नाव वाचून थांबू नये. ते कंपनीचे नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचे खरे नाव असते, आणि शेजारी आकडा. सीपीएमच्या मोठ्या माणसाच्या गोळीवर ४ मिलिग्रॅम असते. ॲव्हिल २५ ची असते आणि ५० ची असते. आकडा न पाहता 'ॲव्हिल द्या' म्हटले तर दुप्पट हातात पडेल.

या औषधांच्या पाकिटावर इंग्रजीत एक वाक्य छापलेले असते. त्याचा अर्थ असा: सावधान, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे. इंग्रजी येत नसेल तर दुकानदाराला सांगावे, 'पाकिटावर मराठीत लिहून द्या. औषधाचे नाव, एका वेळी किती, आणि दिवसातून किती वेळा.' तो घाईत असेल, कंटाळा करील. आपण उभे राहावे. आपल्याला आता वाचता येते. त्याने लिहिलेले तेथेच वाचून पाहावे, आणि अक्षर लागत नसेल तर पुन्हा लिहायला सांगावे.